‘मग पुढं?’ विचारणारा माणूस

वाघमोडे सर फोनवर बोलायला लागले की शेजारच्या ऑफिसातले लोक दार ओढून घ्यायचे. पलीकडचा माणूस समोरच्या डोंगरावर उभा आहे आणि वारा उलटा वाहतोय, अशा आवाजात ते बोलत. त्यांचं लहानपण आष्टी तालुक्यात, कड्याच्या बाजूला, मेंढरांमागे गेलेलं. शिक्षण झालं, नोकरी लागली, केस पांढरे झाले, पण आवाज माळावरचाच राहिला. कुणी हळू बोला म्हटलं की ते म्हणत, "हळू बोललं तर त्याला वाटंल, सरकार काहीतरी लपवतंय."

बीडला एका जुन्या सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. बेरोजगार पोरापोरींना शिवणकाम, वायरिंग, मोबाइल दुरुस्ती, रुग्णसेवा असलं काही शिकवायचं आणि कामाला लावायचं, अशी सरकारची योजना. शिकवायचं काम खाजगी केंद्रांकडे. ती केंद्रं याद्या पाठवायची आणि मी त्या कॉम्प्युटरवर भरायची. मी तिथली कंत्राटी ऑपरेटर, चौसाळ्याहून रोज एसटीनं येणारी. प्रत्येक नावापुढं शेवटचा रकाना असायचा, ‘रोजगार मिळाला का’. केंद्राच्या यादीत तिथं नेहमी ‘होय’ असायचं. मीही ‘होय’ भरायची. चार वर्षं भरत होते.

सर बदलून आले ते सांख्यिकी सहायक म्हणून. बुटके, काळेसावळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी दोन पेन्सिली. पेन ते फक्त सहीला वापरत. "पेनानं लिव्हलं की माणूस चूक कबूल करत न्हाई," हे त्यांचं कारण. पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलापाशी स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "ज्योतीताई, एखादं नाव काढा बरं. कुठलंबी."

मी काढलं. गेवराई तालुक्यातला एक मुलगा, वायरिंगचा वर्ग पूर्ण, सध्या पुण्याला कंपनीत मदतनीस, रोजगार ‘होय’. सरांनी यादीतला नंबर स्वतःच्या मोबाइलवर लावला. फोन एका बाईनं उचलला. आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"रामराम. बीडहून बोलतोय, ऑफिसातून. पाऊस झाला का तिकडं?"

"कुठला पाऊस. कोण पायजे?"

"तुमचा मुलगा. पुण्याला गेलाय म्हणं कामाला."

"पुण्याला? त्यो कशाला जातोय पुण्याला. त्यो हाय की बांधाला, शेरडं घेऊन."

"आन् वायरिंगचं शिकला ना तो?"

"गेलता आठ दिवस. मंग मास्तरच यायचं बंद झालं."

"मग पुढं?"

बाईनं कुठल्याशा कोंबडीला हुसकावलं. मग म्हणाली, "पुढं काय. पुढं कुणी इचारलंच न्हाई."

सरांनी तिच्या जनावरांची, विहिरीच्या पाण्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. मला वाटलं, आता बोलणार. ते एवढंच म्हणाले, "तुमी टाईप केलं, ती तुमची चूक न्हाई. चार वर्षं वाचलं न्हाई, ती मातर हाय." आणि पेन्सिलीनं वहीत लिहिलं, ‘शेरडं राखतो’.

त्या दिवसापासून रोज दहा फोन हा त्यांचा नेम झाला. सकाळी पाच, जेवणानंतर पाच. डबा खाऊन, बशीत ओतून चहा पिऊन, तोंडावरून हात फिरवून ते पुढचं नाव विचारत. कोणी म्हणायचं मी गॅरेजला आहे, कोणी लग्न झालं म्हणायचं, कोणी फोनवरच रडायचं. सगळ्यांना प्रश्न तोच, "मग पुढं?" ‘अंदाजे’ हा शब्द त्यांना खपत नसे. आणि एखाद्या केंद्राच्या यादीत सगळेच्या सगळे कामाला लागलेले दिसले की पोटावर हात ठेवून म्हणत, "सरळ शंभर आलं की मला मळमळतंय बघा."

ऑफिसात त्यांची चेष्टा व्हायची. जिल्हाभर यादीतली माणसं फोन करून शोधणारा सरकारी नोकर कुणी पाहिला नव्हता. हेडक्लार्क एकदा म्हणाले, "वाघमोडे, पगार तेवढाच हाय की. कावून घसा फोडून घेता?" सर हसले.

वहीत हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. ती मलाही दिसत होती, पण तिचा अर्थ सरांनी लावला. वायरिंगच्या एका अख्ख्या तुकडीचे फोन बंद लागत होते. तीसच्या तीस. केंद्राच्या कागदावर हजेरी भरलेली, परीक्षा झालेली. सरांनी त्या मुलांच्या गावात विचारून कारखान्याचं नाव काढलं, तीन दिवसांची रजा टाकली आणि एसटीनं थेट पश्चिमेकडच्या साखरपट्ट्यात गेले. परत आले तेव्हा शर्टाची कॉलर उसाच्या पाचटाच्या राखेनं काळी होती आणि ते खुशीत होते. ती मुलं त्यांना एका कारखान्याच्या ऊसतोड्यांच्या अड्ड्यावर सापडली होती, ऊस तोडताना. पालांच्या रांगेत एकेकाच्या पालाबाहेर चपला काढून, आत वाकून जाऊन सरांनी सगळ्यांशी बोलून घेतलं होतं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"शिकायचं होतं म्हणाली. एकानं तर तारा जोडून पालात बल्ब लावलाय, आठ दिवसांत शिकला तेवढ्यावर. पर वर्ग सुरू झाला दिवाळीच्या तोंडावर. दिवाळी झाली की तोडीच्या टोळ्या उठतात. आईबाप चालले, पोरगं एकटं गावात राहून काय खाणार? ते बी गेलं. केंद्रवाल्यानं हजेरी भरून टाकली." मग ते माझ्याकडं बघत म्हणाले, "त्यातलं एक पोरगं मला म्हणतंय, सर, वर्ग चैतात घ्या ना. चैतात आमी गावातच अस्तो. ज्योतीताई, इतकी साधी गोष्ट हाय. चार वर्षांत कुणी त्याला विचारलं न्हाई."

त्या संध्याकाळी त्यांनी एका कागदावर बारा महिन्यांचे बारा चौकोन आखले. वरच्या ओळीत, माणसं गावात कधी असतात. खालच्या ओळीत, आपले वर्ग कधी सुरू होतात. पेन्सिलीनं रंगवलेले चौकोन एकाखाली एक कुठंच जुळत नव्हते. मी चार वर्षं सरकारी तक्ते पाहिले, पण इतका कळणारा तक्ता पाहिला नव्हता. सरांनी तो काचेखाली ठेवला. येणारा जाणारा बघायचा आणि हसायचा, कारण त्यात एवढं काही नव्हतंच.

तेव्हाच्या आमच्या अधिकारी मॅडम वयानं लहान, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी तो कागद दोनदा पाहिला आणि सरांना म्हणाल्या, "एक तुकडी करून बघा. उन्हाळ्यात. माझ्या अधिकारात होते तेवढीच." सरांनी तलवाडा हे गाव निवडलं. सुट्टीत शाळेची खोली मोकळी होती, आणि गावात ऊस तोडायला जाणाऱ्या बायका पुष्कळ. विषय ठरवला रुग्णसेवा, तोही विचारून. बीड आणि गेवराईतल्या दहा-बारा दवाखान्यांत ते स्वतः गेले, तुम्हाला कशी माणसं लागतात ते लिहून आणलं. मशिनी दुरुस्त करणारे कुणालाच नको होते. रुग्णाला उठवणारी, बसवणारी, ताप-बीपी बघणारी माणसं सगळ्यांनाच हवी होती.

संगीताची माझी ओळख तिथली. चोवीस-पंचवीसची, दहावी झालेली, नवऱ्याबरोबर पाच हंगाम कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली. तिला यायचं होतं. सासू नको म्हणत होती. सर तिच्या अंगणात गेले तेव्हा मी बरोबर होते. ते ओट्यावर न बसता खाली बसले. सासूनं, केराबाईनं, सुनेबद्दल एक अक्षर बोलायच्या आत सरांनी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. अर्धा तास नुसते गुडघे. शेवटी केराबाईच म्हणाली, "बरं, काय शिकिवणार हाय तुमी हिला?"

"असले गुडघे दुखणाऱ्या माणसाला कसं उठवायचं, ते."

"मंग पुढं?" केराबाईनं विचारलं. सरांचा प्रश्न सरांनाच. ते मोठ्यांदा हसले. "पुढं दवाखान्यात काम. मी दर महिन्याला फोन करून विचारीन, हाय का न्हाई ते. नसलं तर मला शिव्या घाला."

तुकडीत वीसजणी होत्या. तिघी लेकरांमुळं गळाल्या, एकीला नवऱ्यानं येऊ दिलं नाही, बाकीच्यांनी पूर्ण केलं. अकराजणींना खरंच काम लागलं. दिवाळी झाली, टोळ्या गेल्या, त्या अकराजणी गेल्या नाहीत. सर महिन्याच्या महिन्याला फोन करत आणि वहीत लिहीत. संगीता बीडला एका खाजगी दवाखान्यात होती. एके दुपारी तिचाच फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकला. ती धापा टाकत बोलत होती, "सर, आज डॉक्टरांनी मला बीपी बघाय लावलं आन् मंग स्वता बघितलं. बरोबर आलतं!" सर उठले. मग खाली जाऊन सगळ्या ऑफिसला भेळ घेऊन आले. आल्यापासून त्यांनी कुणाला काही खाऊ घातल्याचा तो एकच प्रसंग.

त्याच हिवाळ्यात त्यांनी अहवाल लिहायला घेतला. पेन्सिलीनं लिहायचे, मी टाईप करायची, ते खोडायचे. पहिल्या भागात वर्षानुवर्षांच्या याद्या आणि फोनवर कळलेलं खरं. कुठल्या केंद्राची किती माणसं सापडली, किती नाही. दुसऱ्या भागात तलवाडा. शेवटी तीनच मागण्या. वर्ग माणसं गावात असताना घ्या. केंद्राचं काम संपलं असं सहा महिन्यांनी, माणसाला विचारूनच ठरवा. आणि काय शिकवायचं ते जिल्ह्यातल्या मालकांना आधी विचारा. दीड पान. "याच्यापेक्षा मोठं लिव्हलं तर वाचणार न्हाईत," ते म्हणाले.

तेवढ्यात मॅडमची बदली झाली. नवीन साहेब आले. त्यांनी अहवाल वाचला, चष्मा काढला. मी हजर होते, कारण प्रिंट माझ्याकडं होती.

"वाघमोडे, दुसरा भाग छान आहे. तलवाड्याचा. तो पाठवू. पहिला काढून टाका."

"साहेब, पहिला काढला तर दुसरा कशावर उभा राहील? आधी काय व्हत होतं ते सांगितल्याबिगर आता काय बदललं ते कसं कळंल?"

"वर लोकांना वाईट बातमी आवडत नाही हो."

"बातमी न्हाई साहेब. मोजदाद हाय."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि जसाच्या तसा पाठवायला परवानगी दिली. पण त्या दोन दिवसांत ही गोष्ट बाहेर गेली होती. तिसऱ्या दिवशी तात्या आले. तात्या म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त केंद्रांचे चालक. बागायतदार घराणं, बाप पंचायत समितीत, भाऊ बाजार समितीत. मागं दोन माणसं, पांढरे कपडे, बोलणं गोड. सरांच्या टेबलावरच्या काचेखालचा तक्ता त्यांनी वाकून पाहिला.

"लई भारी काढलंय वाघमोडे. पोराला शाळंत दाखवावं असं."

"बसा तात्या. चहा सांगतो."

"चहा नगं. एक सांगाया आलो. तुमची माणसं मेंढरं मोजत आली पिढ्यान् पिढ्या. तुमी माणसं मोजाया कदी लागला?"

सरांचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला.

"तात्या, एक मेंढरू कमी भरलं तर आमचा बाप हुडकल्याबिगर घरी यायचा न्हाई. तुमच्या याद्यांतली किती माणसं कमी भरली, सांगू?"

तात्या हसले, सरांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. हेडक्लार्क म्हणाले, "आता तुमचं काय खरं न्हाई." सरांनी पुढचा नंबर लावला.

अहवाल गेला. आम्ही उत्तराची वाट बघत उन्हाळ्यात तलवाड्याची दुसरी तुकडी सुरू केली. या वेळी बायका आपण होऊन आल्या. संगीताची धाकटी जाऊ रेखाही आली. केराबाईनं स्वतः आणून बसवली तिला. आणि या वेळी घरोघरी एक नवीन गोष्ट झाली होती. बऱ्याच जणींनी टोळी नेणाऱ्या मुकादमाला आधीच सांगून टाकलं होतं, यंदा आमची जोडी धरू नका. सरांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले नाहीत. येताना गाडीत म्हणाले, "आता जबाबदारी वाढली." एवढंच.

तुकडी अर्ध्यावर आली असताना वरून पत्र आलं. साहेबांनी ते सरांना दिलं, सरांनी चष्मा नाही असं सांगून मला वाचायला लावलं. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

‘आपल्या कार्यालयाच्या अहवालावरून सदर जिल्ह्यातील कार्यक्रमाची परिणामकारकता समाधानकारक नसल्याचे दिसून येते. सबब जिल्ह्यातील सर्व प्रशिक्षण वर्ग पुढील आदेशापर्यंत तात्काळ स्थगित करण्यात येत आहेत.’

"सर्व?" सर म्हणाले.

"सर्व."

"तलवाडा धरून?"

मी पुन्हा वाचलं. गावाचं नाव पत्रात कुठंच नव्हतं. दुसऱ्या भागाचा उल्लेखच नव्हता. सरांनी वरच्या ऑफिसला फोन लावला. तासाभरानं त्या टेबलाचा माणूस सापडला. तो सौजन्यानं बोलला. "अहो, तुमच्याच अहवालावर निर्णय झालाय ना? तुम्हीच लिहिलंय, चालत नाही म्हणून."

"चालतंय काय ते बी लिव्हलंय साहेब. दुसऱ्या पानावर."

"दुसरं पान फाइलला असेल. टिपणीत पहिल्या पानाचा सारांश गेलाय."

"मग ते पान आता काढून दाखवा की वर."

"आता निर्णय झाला ना."

सरांनी फोन ठेवला. त्या दिवशीचे पाच फोन राहिले. मी मोजले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तलवाड्याला गेलो. पत्र पाठवून चाललं असतं, पण सर म्हणाले, तोंडानं सांगायचं. शाळेच्या खोलीत बायका दोन-दोनच्या जोडीनं एकमेकींना खाटेवरून उठवायचा सराव करत होत्या. रेखा रुग्ण झाली होती आणि हसू दाबत होती. सर दारात थांबले, त्यांचा सराव पूर्ण होऊ दिला आणि मग सांगितलं. आडवळण नाही, सरकारी शब्द नाहीत. वर्ग आजपासून बंद. परीक्षा होणार नाही. कधी सुरू होईल माहीत नाही.

एकीनं खाटेवरची चादर झटकून घडी घातली. केराबाई नातवाला घेऊन मागं बसली होती. तिनं विचारलं, "कावून बंद केलं?"

"मी वर लिव्हलं होतं, आई. बाकीच्या ठिकाणी वर्ग खोटे चालतात म्हणून."

"तुमी लिव्हलं ते खरं का खोटं?"

"खरं."

"आन् हितलं?"

"हितलं बी खरंच लिव्हलं. चांगलं चाललंय म्हणून."

"मंग खरं लिव्हल्यानं आमचं कसं काय बंद पडलं?"

सर तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "मला न्हाई सांगता येत, आई." केराबाईनं मान हलवली, रागानं नाही, एखाद्या लेकराला बोलता येत नसल्यावर हलवावी तशी. रेखानं खाटेखालच्या चपला पायात घातल्या.

त्यानंतर वर्षभर सरांनी काय केलं नाही? पत्रं लिहिली. दुसरं पान वेगळं काढून, वर मोठ्या अक्षरात ‘कृपया वाचावे’ लिहून पाठवलं. दोनदा मुंबईला जाऊन आले. पहिल्यांदा सांगितलं, ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकायला गेलो तर जिल्हा स्थगित असल्यामुळं आमचं खातंच उघडेना. दुसऱ्यांदा तो टेबलाचा माणूस बदलून गेला होता. नव्या माणसानं सरांना चहा पाजला आणि फाइल सापडत नसल्याचं खरं सांगितलं. "खरं बोलला तो," सर मला म्हणाले, जणू तेवढंच हाती लागलं होतं.

रेखा त्या दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर तोडीला गेली. मुकादमाला आधी ‘नको’ सांगून बसलेल्या जोड्यांना शेवटी लांबच्या कारखान्याची टोळी मिळाली, जिथं जायला कुणी राजी नसतं. वर्ग बंद पडल्यावर सहा महिन्यांनी सरांनी तिलाही फोन केला. आता योजना नव्हती, रकाना नव्हता, तरी केला. "काय करतेस बाई?" "ऊस तोडते की सर. दुसरं काय." त्यांनी ते वहीत लिहिलं.

मग पहिल्या तुकडीतल्या बायकांचं काम सुटायला लागलं. परीक्षा झालेली, निकाल लागलेला, पण प्रमाणपत्रं छापून यायची राहिली होती. ती वरच अडकली. दवाखान्यांकडं तपासणीला आलेल्यांनी कागद मागितले, दवाखान्यांनी बायकांकडं मागितले. बायकांनी सरांना विचारलं. सरांनी ऑफिसच्या लेटरहेडवर पत्रं करून दिली, साहेबांची सही घेतली, पण ती चालली नाहीत. अकराच्या आठ झाल्या, मग पाच. दर महिन्याला ते पेन्सिलीनं खोडून नवा आकडा लिहीत. मी म्हटलं, सर, आता नका करू फोन. ते म्हणाले, "चांगलं चाललं होतं तेव्हा मोजलं. आता न मोजायला मी काय तात्या हाय?"

संगीताला फोन त्यांनी सगळ्यात शेवटी केला. तिचं काम टिकलं होतं. ती म्हणाली, "हाय सर, त्याच दवाखान्यात. पर आता फरशी पुसते. बीपी दुसरी बघती, तिच्याकडं कागद हाय." मग तीच सरांना समजावत राहिली, "तुमी वाईट वाटून नका घेऊ. ऊस तोडण्यापरीस बरंच हाय की. सावलीत असते." सर हो, हो म्हणत होते. आवाज इतका हळू की पलीकडं तिला दोनदा विचारावं लागलं, सर, हाय का तुमी?

त्यांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली, कुठल्याशा सिंचनाच्या ऑफिसात. तक्रार कुणी केली, कशी झाली, कळलं नाही. निरोप समारंभ नको म्हणाले. वह्या त्यांनी क्रमांक घालून कपाटात लावल्या आणि चावी साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली. पुढं ऑफिसला रंग द्यायचा निघाला तेव्हा ते कपाट जिन्याखाली गेलं. माझं कंत्राटही तोवर संपलं होतं. कपाटातल्या वह्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही, हेही खरं.

दोन वर्षांनी मी आईला तिचे डोळे दाखवायला आष्टीकडं घेऊन गेले होते. येताना कड्याच्या फाट्यावर गाडी बदलायची होती. हंगाम चालू होता. रस्त्यावर कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक. टपरीच्या सावलीला सर उभे दिसले; त्यांचं गाव तिथंच जवळ. वाळले होते. दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. त्यांनी मला नाही, आधी आईला नमस्कार केला, तिच्यासाठी टपरीवाल्याकडून खुर्ची मागून घेतली.

मी सांगितलं, योजना परत सुरू झालीय, नवीन नावानं. तात्यांना पुन्हा केंद्रं मिळालीत, तीही नवीन नावानं. वर्ग पुढच्या दिवाळीच्या तोंडावर सुरू होणार आहेत.

"हां," सर म्हणाले. त्यात राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आईच्या डोळ्याचं काय म्हणाले डॉक्टर?"

आमची गाडी आली. गर्दी होती. सरांनी दारातल्या दोघांना बाजूला करून आईला वर चढवलं, कंडक्टरला तिच्यासाठी जागा करायला लावली. मी खिडकीशी पोचले तेव्हा ते रस्त्याच्या कडेला गेले होते. त्यांना पलीकडं जायचं असावं. एक ट्रॉली गेली, तिच्यामागं दुसरी. ते एक पाऊल पुढं टाकत आणि मागं घेत. तिसरी आली. आमच्या ड्रायव्हरनं गाडी काढली. मी खिडकीतून हात हलवला, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडं होतं. फाटा मागं पडेपर्यंत मी बघत होते. सर तिथंच, उन्हात, ओलांडायला जागा मिळण्याची वाट बघत उभे होते.